टायरमध्ये हवा भरण्याचं घरगुती यंत्र आणि त्यावरचं गेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक जण यंत्राची ताकद विचारतात. इथल्या उत्तरांत मात्र गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकाचा विषय जास्त येईल. हवा कमी-अधिक वेगाने सगळीच यंत्रं भरतात, पण ज्याचं गेज चुकतं ते यंत्र दर वेळी तुमच्या हातून चुकीचीच हवा भरून घेतं आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

१. पंपावर, गॅरेजमध्ये हवा मिळतेच की. मग घरी यंत्र कशाला?

टायरचा दाब गार टायरवर मोजायचा असतो. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी. हवा भरायला म्हणून गाडी लांब नेली की टायर तापतो आणि आकडा वर चढतो. घरी सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजलेला दाब हाच खरा दाब.

दुसरं असं, की पंक्चर नसलेला टायरही हवा धरून राहत नाही. रबरातून ती झिरपत असते आणि महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) कमी होतात. तीन-चार महिने दुर्लक्ष झालं तर फरक ५ ते ६ पीएसआयवर जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण टायरच्या कडा झिजतात, ब्रेक लागायला जास्त अंतर जातं आणि इंधन जास्त जळतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाप्रमाणे चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी झाला की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं.

२. माझ्या टायरवरच ५१ पीएसआय लिहिलंय. तेवढी भरू का?

नका भरू. टायरच्या भिंतीवरचा आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे. तुमच्या गाडीला किती हवा हवी ते गाडी बनवणारी कंपनी ठरवते आणि ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. बहुतेक मोटारींसाठी तो आकडा ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी, तसंच कमी आणि पूर्ण भारासाठी आकडे वेगळे असू शकतात. सगळं कुटुंब आणि सामान घेऊन निघणार असाल तर भाराचा रकाना वाचा.

३. स्टिकरवर २.३ लिहिलंय आणि यंत्र पीएसआय दाखवतं. हिशेब कसा करायचा?

१ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल. म्हणजे २.३ बार हे ३३ पीएसआयच्या जवळ. काही स्टिकरवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असं एकक असतं. ते बारपेक्षा किंचित लहान आहे, १४.२ पीएसआय. घरगुती वापरात हा फरक सोडून दिला तरी चालतो. डिजिटल यंत्रात एकक बदलण्याचं बटण असतं. ते एकदा लावून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण चुकून बदललेल्या एककामुळे नको ते आकडे लावले जातात.

४. विजेवर चालणारं, गाडीच्या सॉकेटवर चालणारं, बॅटरीचं की पायाने दाबायचं?

गाडी कुठे उभी राहते यावर हे ठरतं. इमारतीच्या तळघरात किंवा रस्त्याकडेला लावत असाल, तर घरच्या विजेवरचं यंत्र घेऊन उपयोग नाही, वायर तिथवर पोचणार नाही. तिथे १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं यंत्र चांगलं. ते चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागत नाही आणि वर्षभर डिकीत पडून राहिलं तरी वेळेला चालतं. घेताना वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचतात का ते पाहा. वायर ३ मीटरपेक्षा आखूड असेल तर लांबट गाडीत अडचण होते.

बॅटरीवालं हाताळायला सर्वांत सोपं. घरात मोटार, स्कूटर आणि सायकल असं सगळंच असेल तर तेच वापरलं जातं, आणि जे हाताशी असतं तेच दर महिन्याला बाहेर निघतं. बॅटरीची काळजी मात्र घ्यावी लागते, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

पायपंपाला लोक उगाच मागासलेला समजतात. फक्त दुचाकी किंवा सायकल असेल तर चांगलं गेज असलेला पायपंप वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. मोटारीच्या चारही टायरना मात्र दमछाक होते.

५. खोक्यावर ‘१५० पीएसआय’ लिहिलेलं यंत्र १०० वाल्यापेक्षा चांगलं ना?

मोटारीला ३३ लागतात. त्या कामासाठी १०० आणि १५० यांत काहीच फरक नाही. कमाल दाबाचा आकडा वेगाबद्दलही काही सांगत नाही. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

उलट काट्याच्या गेजमध्ये मोठा आकडा नडतो. अशा गेजची चूक बहुधा पूर्ण पट्टीच्या टक्केवारीत दिलेली असते. १५० पर्यंतच्या डायलला ३ टक्के म्हणजे ४.५ पीएसआय. म्हणजे काटा ३३ वर असताना टायरमध्ये २९ ही असतील आणि ३७ ही. तेच ६० पर्यंतच्या डायलला ३ टक्के म्हणजे १.८ पीएसआय. तुम्हाला लागणारा दाब डायलच्या मधल्या भागात यायला हवा, तिथे काटा सर्वांत भरवशाचा असतो. रेसिंग सायकलला ८० ते १२० पीएसआय लागतात, तिथे मोठी पट्टी हवीच. बाकी कोणाला तिची गरज नाही.

६. गेज काट्याचं घ्यावं की डिजिटल?

काट्याच्या गेजमध्ये एक वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. फ्रान्सच्या युजीन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि आजही तीच वापरात आहे. तिला बॅटरी लागत नाही. पण ती हातातून पडली तर आतले दाते हलतात आणि शून्य सरकतं. शिवाय स्वस्त यंत्रांवरच्या लहान डायलवर दोन रेघांमध्ये ५ पीएसआयचं अंतर असतं, तिथे ३२ की ३४ हा अंदाजच राहतो.

डिजिटल गेजमध्ये दाबाने किंचित वाकणारी सिलिकॉनची चकती असते आणि तिच्यातला विद्युत बदल मोजला जातो. वाचायला ते सोपं, अंधारातही दिसतं, धक्क्यांना काट्याइतकं हळवं नसतं. पण इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पडद्यावर ३२.७ दिसलं म्हणजे मोजमाप दशांशापर्यंत अचूक असतं असं नाही. यंत्र किती बारीक आकडा दाखवतं आणि तो किती खरा असतो, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माहितीपत्रकात ‘±१ पीएसआय’ किंवा ‘±१ टक्का’ असं काही छापलेलं आहे का ते शोधा. अचूकतेबद्दल कंपनी गप्प असेल तर मी ते यंत्र घेणार नाही, त्याची मोटर कितीही दणकट असो.

किती चूक चालेल याचा एक पक्का आधार आहे. टायरच्या दाबमापकांसाठी युरोपात ईएन १२६४५ हे मानक आहे आणि त्यात ४ बारपर्यंतच्या दाबाला ०.०८ बार, म्हणजे १.२ पीएसआयच्या आसपास चूक मान्य आहे. घरच्या यंत्राकडूनही एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

माझा कौल डिजिटलला आहे, पण अचूकता छापलेली असेल तरच.

७. यंत्र चालू असताना ३६ दाखवतं, बंद केलं की ३३. कोणतं खरं?

बंद केल्यावरचं. चालू असताना पंप नळीत हवा ढकलत असतो आणि व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडाशी ती अडते. गेज नळीला जोडलेलं असल्यामुळे ते तिथला वाढलेला दाब दाखवतं, टायरमधला नाही. लहान टायर आणि जोरदार पंप असेल तर फरक आणखी दिसतो. म्हणून दाब वाचायचा तो पंप थांबवून, काटा किंवा आकडा स्थिर झाल्यावरच.

८. ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबणारी यंत्रं येतात. ती लावून निर्धास्त राहावं का?

सोय फारच चांगली आहे, आणि घेणार असाल तर ती असलेलंच घ्या. पण प्रश्न ७ मधली अडचण इथेही येते: नळीतला दाब बघून यंत्र थोडं लवकर थांबू शकतं. चांगली यंत्रं थांबून पुन्हा मोजतात आणि कमी भरलं असेल तर परत चालू होतात. तुमचं तसं करत नसेल तर ते थांबल्यावर दहा सेकंद जाऊ द्या, आकडा पाहा, गरज वाटली तर पुन्हा सुरू करा. सायकलच्या टायरला आणखी जपा. त्यात हवा मावते थोडी, त्यामुळे दाब बघता बघता चढतो.

आणि सुरू करण्याआधी लावलेला आकडा वाचा. आधीच्या वेळी सायकलसाठी ८० लावलेले असतील तर यंत्र मोटारीच्या टायरलाही तिथवर न्यायला बघेल.

९. एका टायरला किती वेळ लागतो? ‘३५ लिटर प्रति मिनिट’ म्हणजे नेमकं काय?

तो आकडा बहुधा नळीचं तोंड मोकळं असतानाचा असतो. समोर ३० पीएसआयचा विरोध असताना प्रवाह बराच घटतो, कित्येकदा निम्म्यावर येतो.

हिशेब करून पाहू. मध्यम मोटारीच्या टायरमध्ये ३५ लिटरच्या आसपास जागा धरा. २६ वरून ३३ वर न्यायचं म्हणजे ७ पीएसआय, जवळपास अर्धा बार. त्याला १७ लिटर हवा लागते. प्रत्यक्षात मिनिटाला १५ लिटर जात असेल तर मिनिटभराहून थोडा जास्त वेळ. पूर्ण बसलेला टायर ३३ पर्यंत न्यायला ८० लिटर, म्हणजे पाच-सहा मिनिटं.

महिन्याची वरची भर घालायला लहान यंत्रही पुरतं. फक्त सलग किती वेळ चालवायचं आणि मग किती वेळ थांबायचं ते पुस्तिकेत पाहा. अनेक यंत्रांना दहा-पंधरा मिनिटांनंतर विश्रांती लागते. हवा दाबली की तापते, त्यामुळे नळीचं पितळी टोक चटका बसेल इतकं गरम होतं. काढताना कापड वापरा.

१०. गाडीच्या सॉकेटला लावलं आणि फ्यूज उडाला. यंत्र बिघडलं का?

बहुधा यंत्राने सॉकेटच्या कुवतीपेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढला. सॉकेटला सहसा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला ते १२० किंवा १८० वॉट होतात. घेण्याआधी यंत्राचे अँपिअर आणि तुमच्या गाडीचा फ्यूज ताडून पाहा. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून काम भागवू नका, वायर जळू शकते. मोठी यंत्रं चिमट्यांनी थेट गाडीच्या बॅटरीला जोडतात ती याच कारणाने. इंजिन चालू ठेवून हवा भरणार असाल तर बंद गॅरेजमध्ये भरू नका. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड जिवावर बेतू शकतो.

११. बॅटरीवाल्या दोन यंत्रांपैकी जास्त एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) असलेलं घेऊ ना? आणि ते गाडीतच ठेवलं तर चालेल?

नुसत्या एमएएचवरून काही ठरत नाही, व्होल्टनेही गुणावं लागतं. ७.४ व्होल्टची ४००० एमएएच बॅटरी ३० वॉट-तासांच्या जरा खाली येते. ११.१ व्होल्टची ३००० एमएएच बॅटरी ३३ च्या वर जाते. म्हणजे लहान आकडा असलेलीच मोठी निघाली.

उन्हात उभ्या गाडीत कायम ठेवू नका. बंद गाडीतली उष्णता लिथियम बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी करते. घरात, अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून, दोन-तीन महिन्यांनी चार्ज तपासत राहा. प्रवासाला निघताना पूर्ण चार्ज करून बरोबर घ्या.

१२. नवीन यंत्राचं गेज बरोबर आहे की नाही हे घरी कसं कळणार?

आधी कुठेही न जोडता शून्य दिसतं का पाहा. मग गार टायरवर तीन वेळा लावून काढा. तिन्ही वेळा आकडा एक पीएसआयच्या आत राहिला तर गेज निदान स्थिर आहे. त्यानंतर त्याच टायरवर, लगेच, एखाद्या भरवशाच्या सुट्या गेजने मोजा.

दर वेळी २ पीएसआय जास्तच दाखवणारं गेज वापरता येतं. तेवढं लक्षात ठेवून हिशेब करायचा. पण एकदा ३१, एकदा ३५ आणि मग ३२ दाखवणारं गेज परत करा. अशा गेजला कुठलाच हिशेब लागू पडत नाही. तपासणी मुदतीत करा, परत करायची वेळ निघून गेल्यावर नको. नंतरही वर्षातून एकदा किंवा यंत्र हातातून पडलं तर पुन्हा करा.

१३. सायकलच्या व्हॉल्व्हला बसतच नाही. काय करावं?

मोटारीचा आणि मोटरसायकलचा जाड व्हॉल्व्ह श्रेडर जातीचा. यंत्राचं तोंड त्याच्यासाठीच असतं. रेसिंग सायकलींना बारीक, टोकाला चिमुकलं नट असलेला प्रेस्टा असतो. त्यासाठी ॲडॉप्टर लागतं, बहुधा खोक्यात मिळतं. आधी नट सैल करून टोक एकदा दाबायचं, मग ॲडॉप्टर लावायचं.

खरी अडचण साध्या सायकलींवरच्या डनलॉप व्हॉल्व्हची आहे. तो हवा आत जाऊ देतो, पण बाहेरून आतला दाब कळू देत नाही. त्यामुळे गेज ट्यूबमधला नाही, नळीतला दाब दाखवतं आणि आपोआप थांबणारं यंत्र वेळेआधीच थांबतं. उपाय असा, की थोडी थोडी हवा भरून अंगठ्याने दाबून अंदाज घ्यावा. कायमचा इलाज हवा असेल तर पुढच्या वेळी श्रेडर व्हॉल्व्हची ट्यूब घाला. डनलॉपच्या भोकात ती सहसा बसते.

१४. नळी काढताना फुस्स होतं. भरलेली हवा जाते का?

त्यातली बरीचशी नळीतली असते. पेच फिरवून काढायच्या तोंडाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ व्हॉल्व्हची पिन दाबलेली राहते, म्हणून थोडी टायरचीही जाते. मोटारीला त्याने फरक पडत नाही. रेसिंग सायकलच्या ट्यूबमध्ये मुळात हवा थोडी, तिथे काही पीएसआय जातात. तेवढे जास्त भरा. नळी काढल्यावर व्हॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहा आणि टोपण लावायला विसरू नका.

१५. प्रवासात मध्येच मोजलं तर ३८ निघाले. हवा काढून टाकू का?

काढू नका. गाडी चालली की दाब ४ ते ६ पीएसआय वाढतो, ते गृहीत धरूनच गार टायरचा आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधून काढून ३३ केलेत तर सकाळी २८ सापडतील. हवामानाचाही परिणाम असतो: तापमान ५ ते ६ अंशांनी बदललं की दाब सुमारे १ पीएसआय बदलतो. म्हणूनच थंडीच्या पहिल्या लाटेत अनेक गाड्यांचा दाबाचा दिवा लागतो. गाडीच्या एकाच बाजूला ऊन असेल तरी आकडे वेगळे दिसतात. सगळी चाकं सावलीत असताना मोजा.

१६. गाडीतच दाबाचा दिवा आहे. मग गेज कशाला?

तो दिवा धोक्याचा इशारा देण्यासाठी असतो. अमेरिकेच्या नियमानुसार दाब ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली आला की तो लागायला हवा. म्हणजे ३३ ची गाडी २५ पर्यंत येईस्तोवर दिवा गप्प राहू शकतो. काही गाड्यांत दाब थेट मोजतच नाहीत, चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधतात. अशा गाडीत हवा भरल्यावर ती यंत्रणा पुन्हा शून्यावर आणावी लागते, नाहीतर ती जुन्याच दाबाशी तुलना करत राहते.

१७. नायट्रोजन भरलाय. वरून साधी हवा घालू शकतो?

बिनधास्त. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजनच्या शोधात कमी दाबावर गाडी चालवण्यापेक्षा साधी हवा केव्हाही बरी.

१८. टायर पूर्ण बसलाय आणि रिमपासून सुटलाय. यंत्राने भरेल का?

ट्यूबलेस टायरची कड रिमपासून सुटली असेल तर बहुधा नाही. ती परत बसवायला हवेचा एकदम झोत लागतो, तो लहान यंत्राकडे नसतो.

कड जागेवर आहे पण टायर बसलेला आहे, तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: बसलेल्या टायरवर गाडी चालवली का? चालवली असेल तर भरू नका. वजनाखाली चेपून भिंतीचे आतले धागे तुटलेले असतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि हवा भरताना भिंत फुटू शकते. असा टायर उतरवून आतून तपासलाच पाहिजे. नुसती उभ्या गाडीची हवा गेली असेल तर भरा, पण भिंतीच्या समोर बसू नका. नळी लांब असण्याचा खरा फायदा इथे होतो.

१९. पंक्चर बुजवणारं द्रव घातलंय. यंत्र लावलं तर चालेल?

चालेल, पण चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणा आणि थोडा वेळ जाऊ द्या, म्हणजे द्रव खाली उतरेल. व्हॉल्व्ह खाली असताना नळी लावली तर द्रव गेजपर्यंत येतो आणि सुकून ते निकामी करतो.

२०. याच यंत्राने फुटबॉल आणि हवेची गादी भरता येईल?

फुटबॉल हो. सुई ओली करून घाला आणि थोडी थोडी हवा भरा. फुटबॉलच्या नियमांत ८.५ ते १५.६ पीएसआय सांगितले आहेत. गादीला दाब नगण्य लागतो पण हवा शेकडो लिटर. टायरचं यंत्र त्यात तापून जाईल. तिच्यासाठी पंख्याचा पंप वेगळा मिळतो.

२१. स्टेपनीही तेवढ्याच दाबावर ठेवायची का?

पूर्ण आकाराची असेल तर गाडीसाठी दिलेल्या आकड्यांपैकी जास्तीचा धरा. बारीक, तात्पुरत्या वापराच्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि ते तिच्यावरच छापलेलं असतं. हवा भरण्याचं यंत्र घरात असूनही नेमकी हीच चाकं विसरली जातात.

२२. डोंगराळ भागात उंचावर गेल्यावर गेज जास्त दाखवतं. ते बिघडतं का?

बिघडत नाही. गेज टायरमधला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतं. ३००० मीटर उंचीवर बाहेरची हवा विरळ असते, दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ०.३ बार कमी. टायरमधली हवा तीच राहिली तरी गेजवर ४ पीएसआयपेक्षा जास्त वाढ दिसायला हवी. पण वर थंडीही असते. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं आणि त्याने दाब खाली येतो. या दोन्हींचा मेळ बसून प्रत्यक्ष फरक बहुतेक वेळा १ ते २ पीएसआयच उरतो. एका दिवसाच्या फेरीसाठी काहीच करू नका. वर मुक्काम असेल तर पहिल्या सकाळी गार टायर मोजून स्टिकरवरच्या आकड्याला आणा, आणि खाली उतरल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा.